शिळ्या पोळीचा वाढदिवस

फोन वहिनीचा होता. "ताई, आत्या गेल्या," एवढंच ती म्हणाली. आषाढ सरत आला होता. केडगावहून पारनेरच्या आमच्या वस्तीवर पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच खुळा विचार घोळत होता. यंदाच्या पोळ्याला आत्या नसणार, मग दुसऱ्या दिवशी काय करायचं?

कमलआत्या ही माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची, धाकटी बहीण. ऐन उमेदीत कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी आली ती कायमची. आमच्या घरात कुणाचीच जन्मतारीख कुणाला ठाऊक नव्हती. शाळेत मास्तरांनी आम्हा सगळ्या भावंडांना एक जून देऊन टाकला होता. आत्याची तेवढी पक्की, कारण ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बैलांच्या शिंगांचा रंगही वाळला नव्हता तेव्हा जन्मली. त्यामुळे घरात वाढदिवस असा एकच, आणि त्याचं पक्वान्नही ठरलेलं. आदल्या दिवशीची शिळी पुरणपोळी, तव्यावर तुपात कडक केलेली. तसली पोळी मी पुढे कुठेच खाल्ली नाही.

पण ओवाळायचं कुणाला? विधवा बाईला पाटावर बसवायची तेव्हा रीत नव्हती. वाढदिवस तिचा आणि तिलाच ओवाळायचं नाही, हे आम्हा पोरांना काही केल्या पटेना. आत्याने स्वतःच तोडगा काढला. "मी नुसती एका वर्सानं म्हातारी झाले, त्याला काय अक्कल लागती व्हय? ज्यानं काही करून दावलंय त्याला बशिवा." मग दर वर्षी त्या दिवशी वस्तीवरचं कुणीतरी पाटावर बसे. आत्या स्वयंपाकघराच्या चौकटीला खांदा टेकून उभी राही, त्या माणसाने वर्षभरात काय केलं ते सगळ्यांदेखत सांगे, आणि आई तबक घेऊन ओवाळी. कर्तबगारी म्हणजे काही आभाळाला शिडी लावलेली नसे. शेजारच्या तात्यांनी तंबाखू सोडली म्हणून ते बसले. एक नवी सून सासूशी वर्षभर भांडली नाही म्हणून बसली, तेव्हा सासू म्हणाली, "मग मलाबी बशिवा की! मी का कमी दम धरला?" मी बसले ती विहिरीत पोहायला शिकले म्हणून. त्या पाटाचा एक पाय आखूड होता. दादा दुरुस्त करायला निघाले की आत्या म्हणायची, "ऱ्हाऊ द्या दादा. मानूस जरा सावरून बसतं."

मग बहात्तर साल आलं. बैल चाऱ्यापायी आजोळी धाडलेले, म्हणून पोळ्याला मातीचे बैल पुजले. पुरण कुठलं, रेशनवर मिळणाऱ्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी होती. वस्तीवरच्या बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि त्यांची लेकरं दिवसभर आमच्या ओसरीवर आत्यापाशी असत. त्या वर्षी वाढदिवस नको, असं आई म्हणाली. आत्या ऐकते कसली! तिने पाटावर बसवलं हौसाबाईला. हौसाबाईने आपला खडीचा ढीग फोडून झाल्यावर शेजारच्या थकलेल्या म्हातारीचाही फोडून दिला होता, रोजच्या रोज, आणि कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. आत्याला असल्या गोष्टींचा वास कसा लागायचा देव जाणे.

आईने ओवाळलं. हौसाबाईने कामावर खाऊ म्हणून मिळालेली सुकडी पदराला बांधून आणली होती, ती काढली. पण स्वतः न खाता ती उठली आणि तिने आत्याचा हातच धरला. "माझं सांगितलं. आता ह्यांचं कोन सांगनार? आमची पोरं कुनी संभाळली? बसा तुमी."

आत्याचा चेहरा एकदम उतरला. "अगं, मला न्हाई चालत."

सगळे दादांकडे बघू लागले. दादा हे रीतीभातीला पक्के, शब्दाला महाग. बहिणीचं कौतुक त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता ओरडतात. ते खाली मान घालून म्हणाले, "बस, कमळे. दिव्याला कुठं कळतंय कोन बसलंय ते?"

आत्या बसली. पाट डुगडुगला आणि ती सावरली. आईने कुंकवाकडे नेलेला हात मागे घेतला, नुसता दिवा ओवाळला. हौसाबाईने सुकडीचा घास भरवला तेव्हा आत्या लहान मुलीसारखी रडली आणि मीही रडले. पुढच्या वर्षी कुणी आग्रह केला तर म्हणाली, "एकदा बसले, लई झालं." पुन्हा कधी बसली नाही. आयुष्यभर दुसऱ्याचंच सांगत राहिली.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे वस्तीवर जमलो. दादा, आई जाऊन बरीच वर्षं झाली, वहिनीला मागे ठेवून माझा भाऊही गेला. पोळ्या तव्यावर कडक होत होत्या. माझ्या भाचीने पाट मांडला आणि सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मी आपसूक उठून चौकटीपाशी गेले. आत्याच्या खांद्याच्या उंचीला तिथलं लाकूड गुळगुळीत झालंय. तिथे टेकले आणि सांगितलं की, आत्या अंथरुणाला खिळल्यावर वहिनीने तिचं सगळं केलं, न्हाऊमाखू घालण्यापासून, आणि आम्हाला कधी फोनवर कुरकुर ऐकवली नाही.

वहिनी चुलीपाशीच थांबली. हात पदराला पुसत हळूच म्हणाली, "ताई, मला कसं चालंल?"

"बसा, वहिनी," मी म्हणाले. "दिव्याला कुठं कळतंय?"

पाट डुगडुगला. वहिनी सावरून बसली.