टाकीवरची दोन अक्षरं

मुलगा मला मावशी म्हणतो. मी त्याची मावशीच आहे. त्याची आई माझी थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणायची. अक्का गेली तेव्हा तो एवढा लहान होता की मोटरसायकलवर पुढं, पेट्रोलच्या टाकीवर बसायचा. त्या दिवशीही तिथंच बसला होता. गाडी हे, म्हणजे त्याचे वडील, चालवत होते, अक्का मागं, एका बाजूला पाय सोडून. रस्त्यात तिचा पदर मागच्या चाकात गेला. चाकाला जाळी असते ना, साडी अडकू नये म्हणून, साडी गार्ड म्हणतात, ती यांच्या गाडीला नव्हती. धुताना काढलेली, परत बसवायची राहून गेली होती. मला एवढंच माहीत आहे, आणि तेही माझ्या आईनं सांगितलेलं. यांनी आजवर त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही.

वर्ष सरलं आणि माझं यांच्याशी लग्न लावून दिलं. पोराला परकी बाई नको, म्हणून. उदगीरकडच्या आमच्या गावातून मी या तेलुगू-उर्दूच्या शहरात, विद्यानगरातल्या दोन खोल्यांत आले. पोर मला आधीपासून मावशी म्हणून ओळखत होतं, तेच नाव राहिलं. शेजारणी त्याला सुरुवातीला शिकवायच्या, "अरे, आता आई म्हण की." तो मान हलवायचा. शाळेत, दवाखान्यात कुणी मला बघून त्याला "ये तुम्हारी अम्मा क्या?" विचारलं, की तो लगेच दुरुस्त करायचा, "अम्मा नै, मौसी." मला राग येत नसे. तो खरं तेच बोलत होता. पण दरवेळी, त्यानं उत्तर द्यायच्या आधी, मी त्याच्या तोंडाकडं बघायची. ती सवय मला कधी सुटली नाही.

यांनी मोटरसायकल विकून टाकली होती. गौलीगुड्यातल्या कापडाच्या दुकानात हे बसनं जायचे, बसनं यायचे. घरात सायकलसुद्धा आली नाही. मी तर जन्मात कधी दुचाकीवर बसले नव्हते. गावात ती नव्हती आणि इथं तिचं नाव निघत नव्हतं.

मुलगा मोठा झाला ती वर्षं वेगळी होती. दिलसुखनगरात कॉम्प्युटरच्या क्लासांच्या पाट्या एकीवर एक चढत होत्या. आमच्या गल्लीतली पोरं क्लास करून अमेरिकेला जाऊ लागली, आणि जाताना त्यांच्या गाड्या, पलंग, फ्रीज मागं राहायचे. आमच्या मुलालाही असाच क्लास करून एका कंपनीत नोकरी लागली. काही महिन्यांनी एका संध्याकाळी गल्लीत म्हशीनं घसा साफ करावा तसा आवाज आला. मी दारात गेले. हा एका अजस्र गाडीवर बसलेला. गाडी लांबच लांब, सीट खाली बुटकी, हँडल म्हशीच्या शिंगांसारखं रुंद, मागचं चाक जाडजूड. रंग उडालेला. टाकीवर कुठल्याशा जनावराच्या जबड्याचं चित्र, तेही अर्धं खरवडलेलं.

"दोस्ताची आहे," तो म्हणाला. "तो चालला अमेरिकेला. मी घेतली. मसल क्रूझर म्हणतात हिला."

"मुसळ?"

तो हसला. "मुसळ नाही गं मावशी, मसल. मसल बोले तो..." त्यानं दंड वाकवून बेटकुळी काढून दाखवली.

आतून यांचा आवाज आला. "मुसळच ते. केरात जायचं." आणि लगेच, "त्याला सांग, दारात उभी करू नको म्हणावं."

आमच्या घरात बापलेकांचं बोलणं असंच चालायचं, माझ्यामार्फत. भांडण असं नव्हतं. यांना त्याच्याकडं बघून बोलणं जमत नसे, आणि त्यालाही पुढं तीच सवय लागली. "त्याला सांग, जेवायला बस." "बाबांना सांग, उद्या उशीर होईल." दोघं एकाच खोलीत असायचे. मला मुळात फार बोलता येत नाही, पण या घरात सगळ्यात जास्त बोलणं माझ्याच तोंडून झालं असेल.

गाडी तो कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी लावू लागला. यांनी गिरणीवरून जायचं सोडलं आणि मागच्या गल्लीनं बसस्टॉप गाठायला सुरुवात केली. रात्री मुलगा परत आल्याचा आवाज कानावर आला की मगच हे कूस बदलायचे. मीही जागी असायची. आम्ही एकमेकांना तसं कधी सांगितलं नाही.

हळूहळू गाडी बदलत गेली. सुट्टीचा दिवस तिच्यापायी जायचा. आधी ते फटफट करणारं सायलेन्सर निघालं आणि दबक्या आवाजाचं आलं. मग सीट नव्यानं शिवून आणली. मागच्या बाजूला गादी जाड, आणि पाठीला टेकायला लोखंडी टेका, त्यालाही कातड्याचं कव्हर. त्याचे मित्र येऊन गाडीभोवती उभे राहायचे, वाकून वाकून बघायचे. एक जण म्हणाला, "अरे, हा टेका कशाला? सोफा बनवतोस काय?" तो नुसता हसला. मला वाटलं, कुणी मुलगी असेल. असू दे, वयच आहे.

मग एका सकाळी जेवताना म्हणाला, "टाकी काळी करतोय. त्यावर आई लिहिणार."

हे ताटावर होते. हात थांबला. मग पुढचा घास घेतला, संपवला, उठले, हात धुऊन निघून गेले. भिंतीवर अक्काचा फोटो आहे. मी त्या दिवशी त्याला हार बदलला. मला मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. ज्या पोरानं टाकीवर बसून आई गमावली, त्यानं टाकीवर तिला लिहावं, याहून योग्य काय. बरं वाटलं, आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही, हेही तितकंच खरं. भाकरी थापताना दोनदा फाटली.

संध्याकाळी तो म्हणाला, "मावशी, गुरुवारी तू माझ्याबरोबर चल. अक्षर तू काढ."

"मी?"

"पेंटर तेलुगूत लिहितो, इंग्लिशमध्ये लिहितो. आपलं लिहायला लावलं की वेडंवाकडं करतो. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडीचे पाय. घरात मराठी लिहितं कोण? तूच."

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. गावाकडं पत्र लिहिते, कधी दुपारी असं काहीबाही लिहिते, ते पेटीत ठेवते. चार माणसांसमोर मी कधी पाटीवरसुद्धा लिहिलं नव्हतं. पण अक्कासाठी आहे, असं मनाशी म्हटलं आणि हो म्हणाले.

तो गाडीवरून गेला, मी बसनं. तसं ठरवायची गरजच पडली नाही. गौलीगुड्यात बसच्या मोठ्या अड्ड्यामागं एक ओळ आहे, मेकॅनिक, सीटवाले, पेंटर, सगळे लागून. मी पोचले तेव्हा गाडी स्टँडवर होती. टाकी आधीच रंगवून झाली होती, काळीकुळकुळीत, तोंड दिसेल अशी. मागं एक दाढीवाला मेकॅनिक उकिडवा बसून चाकापाशी काहीतरी लावत होता. मी बघितलं. साडी गार्ड होतं. उभ्या सळ्यांची जाळी, खाली दोन्ही पाय टेकायला पट्टी.

मेकॅनिकची बडबड चालली होती. "सारी दुनिया गार्ड निकाल को फेकती, ये मियाँ लगवा रा. क्रूझर कू साडी गार्ड! शेर कू चूड़ियाँ पेनाते क्या?"

"पेनाव," मुलगा म्हणाला.

"शेप मार खातै ना, भाई. पीछे से गॅस का चूला दिखतै."

"दिखने दो. टाइट कसो."

मी त्या सळ्यांकडं बघत राहिले. टेका, जाड गादी, पाय टेकायची पट्टी. हे सगळं कुण्या मुलीसाठी असेल, असं आता मला वाटेना.

पेंटर म्हातारा होता, बोटं रंगानं कायमची निळसर झालेली. त्यानं माझ्या हातात खडू दिला. "आप लिख देव अम्मा, मैं उस पे ब्रश मार देतूँ."

आजूबाजूची माणसं कामं सोडून बघायला लागली. मी खाली मान घालून लिहिलं. फार बारीक झालं. "बड़ा लिखो अम्मा, चलती गाड़ी पे पढ़ना है लोगाँ." मी पदरानं पुसलं आणि पुन्हा लिहिलं. आ नीट आला. ईची शेंडी काढताना रेघ जराशी हलली, पण अक्षर उभं राहिलं. गुरुजी म्हणायचे तसं, गोल, सुटं. काळ्या टाकीवर पांढरं आई. मी एक पाऊल मागं झाले. माझ्या पदराला खडू लागला होता.

पेंटरनं डोकं तिरपं करून वाचलं. "आई," तो म्हणाला. मग थांबला. "आई? कौन आई?"

तो काय विचारतोय, मला कळेना.

"अम्मा, आदी बात लिखको छोड़ दिए. कौन आई? काँ से आई? पूरा लिखो ना."

मेकॅनिक तिकडून ओरडला, "बिजली आई लिखो, चच्चा!" सगळे हसले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांच्या बोलीत आई म्हणजे आली. इतकी वर्षं त्या लोकांत राहून, भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी त्यांच्याच बोलीत बोलून, हे मला कधी सुचलं नव्हतं. कोण आली ते लिहायचं मी विसरले, असं त्या म्हाताऱ्याला वाटत होतं. माझे कान तापले. मी पदराचा खडू झटकू लागले.

मुलगा पुढं आला. "पूराच है, चच्चा. आई बोले तो अम्मा. हमारे मराठी में."

"अच्छा!" म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला, कपाळ काळं झालं. "अम्मा कू आई बोलते तुम लोगाँ. मैं सोचरूँ, कौन आई, कौन आई." मग ब्रशचं टोक माझ्याकडं करून त्याला विचारलं, "तो ये अम्माच आपकी? अपना नाम आपीच लिख रई?"

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं.

त्यानं वाकून गार्डाची सळी हलवून बघितली, मग हात पुसला.

"हौ," तो म्हणाला. "कब मिलती गाड़ी?"

"इतवार कू लेलेव. दो हात मारना पड़तै."

बस्स. एवढंच झालं. गाडी तिथं ठेवायची होती, म्हणून परत येताना आम्ही दोघं बसनं आलो. मला बसायला जागा मिळाली, तो दांडी धरून माझ्यापाशी उभा राहिला. मी खिडकीबाहेर बघत होते. त्याला विचारावं असं फार वाटलं. दुरुस्त करायचा कंटाळा आला म्हणून हौ म्हणालास का? की रस्त्यावरच्या माणसाला कुठं सगळं सांगत बसायचं म्हणून? की तसं काही नव्हतं? कोठीच्या स्टॉपवर गर्दी चढली तेव्हा त्यानं माझ्या बाजूला हात आडवा धरला, लोकांनी मला रेटू नये म्हणून. मी विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही.

रविवारी सकाळी गाडी आली. या वेळी त्यानं ती गिरणीपाशी लावली नाही, सरळ आमच्या दारात आणली. मला वाटलं, आता हे बोलणार. हे पेपर वाचत होते. पेपर घडी करून ठेवला आणि बाहेर आले.

टाकीवर माझं अक्षर होतं, पांढऱ्या रंगात, ईची शेंडी जराशी हललेली तशीच. यांनी ते बघितलं. फार वेळ नाही बघितलं. मग गाडीला वळसा घालून मागं गेले आणि चाकापाशी उकिडवे बसले. गुडघे वाजले. सळ्यांच्या मधून बोटं घालून बघितली, एकेका फटीतून, जशी लहान पोरं खिडकीच्या गजातून घालतात. मग दोन्ही हातांनी जाळी धरून हलवली.

"त्याला सांग," हे मला म्हणाले, "खालचा नट ढिला आहे."

मुलगा समोरच उभा होता. मी काही सांगायच्या आत तो आत जाऊन पाना घेऊन आला. तो नट कसायला लागला. यांनी दुसऱ्या बाजूनं जाळी घट्ट धरून ठेवली. त्याचं डोकं यांच्या खांद्याला लागत होतं.  शेवटी यांनी पुन्हा एकदा हलवून बघितलं. हललं नाही.

"आता बस्स," हे म्हणाले. मला नाही, त्याला.

मग उठले, गुडघ्यांवर हात टेकून, आणि माझ्याकडं वळले. मी उंबऱ्यात होते. कुठं जायचं म्हणून कुणी काही बोललं नव्हतं. त्यानं मला बस म्हटलं नव्हतं, मी बसते म्हटलं नव्हतं.

"पदर खोच," हे म्हणाले. मुलाच्या हातातला पाना घेतला आणि पुन्हा म्हणाले, "पदर कमरेला घट्ट खोच. मग बस."

मी पदर खोचला. पुन्हा ओढून खोचला. मुलानं गाडी तिरपी केली. पट्टीवर पाय टेकले, टेक्याला पाठ लागली. गाडी निघाली तशी मी त्याच्या खांद्याला धरलं, फार घट्ट धरलं असणार, कारण तो म्हणाला, "हळू मावशी, हाड मोडशील." युनिव्हर्सिटीच्या रस्त्यानं झाडांखालून आम्ही गेलो. वारा तोंडावर येत होता. मी अर्धा रस्ता चाकाकडंच बघत होते. सळ्यांच्या पलीकडं चाक फिरत होतं आणि माझी साडी अलीकडं होती. मागं बसल्यावर टाकी दिसत नाही, त्याची पाठ आड येते.

परत आलो तेव्हा हे तिथंच उभे होते, सोडून गेलो त्याच जागी, हातात पाना.

"मावशी, पाय जपून," मुलगा म्हणाला. "सायलेन्सर तापलाय."

मी जपून उतरले.