काट्याचे कंपौंडरसाहेब

“चपला उतरवा, मग दुखणं सांगा.”

पूर्णेच्या सरकारी दवाखान्यात कुणीही वयानं मोठं माणूस पाऊल टाको, त्याच्या कानावर पहिलं वाक्य हे पडायचं. ताप असो, खरूज असो, दाढ ठणकत असो, कंपौंडरसाहेब आधी त्याला वजनाच्या काट्यावर उभं करायचे. मान किंचित वर, एक डोळा बारीक, आणि दोन बोटांनी दांडीवरचा लोखंडी तुकडा ते इतक्या हळू सरकवायचे की रोगीसुद्धा श्वास धरून उभा राहायचा. दांडी सरळ झाली की आकडा पुटपुटायचे आणि मगच विचारायचे, “हां, बोला. काय होतंय?”

मी मूळची पेडगावची. सतराव्या वर्षी नवरा गेला. मामांनी खटपट करून परभणीच्या जनाना दवाखान्यात दाईचं काम शिकायला पाठवलं आणि विशीत मला पूर्णेला नेमणूक मिळाली. निजामी अमदानीची ती शेवटची अकरा वर्षं मी कंपौंडरसाहेबांच्या हाताखाली काढली. डॉक्टर बदलून यायचे आणि बदलून जायचे. दवाखाना म्हणजे लोकांच्या लेखी कंपौंडरसाहेबच.

तो काटा स्टेशनच्या पार्सल कचेरीतून बाद झालेला होता. त्यांनी तो मागून आणला, चार दिवस रॉकेलनं धुतला आणि बायांची सोय म्हणून मधोमध पडदा लावला. उभं राहायची फळी पडद्याच्या आत, बायांच्या बाजूला. दांडी बाहेर, त्यांच्या बाजूला. आत मी बाईला फळीवर चढवायची, बाहेर ते आकडा वाचायचे. त्यामुळे पंचक्रोशीतल्या शेकडो बायांचं वजन त्यांना ठाऊक होतं आणि आवाज ठाऊक होता, चेहरा एकीचाही नाही.

सुरुवातीला लोक चिडायचे. बायांना वाटायचं, वजन केलं की दृष्ट लागते. एक बाप्या तर काट्यावर चढून म्हणाला होता, मी काय कापसाची गाठ हाय का? कंपौंडरसाहेबांनी शांतपणे सांगितलं की गाठ असती तर हमालानं तोलली असती, माणूस हाय म्हणून मी तोलायलोय. स्वतः ते जेमतेम शहाण्णव रत्तल, म्हणजे पौंड, होते. दर शुक्रवारी नमाजला जाण्याआधी काट्यावर चढायचे, मला दांडी बघायला सांगायचे आणि आकडा ऐकून शेरवानीची बटणं लावत निघून जायचे.

दवाखान्याच्या उर्दू रजिस्टरात वजनाला रकानाच नव्हता. सगळे आकडे त्यांच्या डोक्यात. माणसाचं नाव विसरायचे, वजन नाही. एकदा एका लग्नात जेवायला बसलेल्या पाटलांना त्यांनी भर पंगतीत विचारलं, “पाटील, गेल्या पोळ्याला तुमी एकशे एकाहत्तर होता. आता किती?” पाटलांनी पुढे आलेली बुंदी परत पाठवली. असा माणूस तुमच्याही पाहण्यात एखादा असेल. त्याच्या वेडाला हसता हसता आपण कधी त्याचं ऐकायला लागतो, ते कळत नाही.

डॉक्टरांना हा सगळा खोळंबा वाटायचा. क्षयाच्या रोग्याला तोला, गरोदर बाईला तोला, पण धडधाकट माणसाला कशासाठी, असं प्रत्येक नवा डॉक्टर विचारायचा. कंपौंडरसाहेब म्हणायचे, धडधाकट हाय हे तोलल्याबिगर कसं कळणार? त्यांचा नियम होता, मोठ्या माणसाचं वजन वर्षातून दोनदा झालंच पाहिजे. एकदा सुगी झाल्यावर, एकदा उन्हाळा सरल्यावर. आजारी माणसाचं तर येईल तेव्हा.

त्यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. पावसाची झड लागली होती, रोगी कुणी नव्हते. त्यांचे थोरले भाऊ त्यांच्याच घरात राहायचे, कचेरीत जायचे, दोन वेळा ताटावर बसायचे. शेरवानी घातलेली असायची, त्यामुळे आतलं माणूस किती उरलंय ते कुणी पाहिलं नाही. “मी रोज दुसऱ्याला दवा द्यायचो, बाई. भाई गेला, मयताला गुसल द्यायला, आंघोळ घालायला उचललं तवा कळलं. हातात काईच आलं न्हाई.” आणि म्हणाले, “लेकरू वाढतं ते आईला दिसतं. मोठं माणूस झिजतं ते कुणाला दिसत न्हाई.”

त्यानंतर मी बायांना फळीवर चढवताना कधी कुरकुर केली नाही.

ताडकळसची गोदाबाई पहिल्यांदा आली ती हिवतापानं. चांगली उंच, कष्टानं कमावलेल्या अंगाची. एकशे बारा रत्तल भरली. पुढे सत्तेचाळीस सालच्या दिवाळीनंतर ती आली, विळा लागलेला हात घेऊन. दांडी स्थिर व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. बाहेरून कंपौंडरसाहेबांनी मला विचारलं की बाई दोन्ही पायांवर नीट उभी हाय ना. ती नीट उभी होती. अठ्ठ्याण्णव भरलं होतं.

महिन्याभरानं त्यांनी निरोप धाडून तिला पुन्हा बोलावलं. एक्याण्णव.

डॉक्टर म्हणाले, क्षय असणार, परभणीला पाठवा. पण तिला ताप नव्हता, खोकला नव्हता, आवाज खणखणीत होता. कंपौंडरसाहेबांनी पडद्याबाहेरून चौकशी सुरू केली. घरात खाणारे किती? सासू, दोन लेकरं आणि ती. नवरा? नवरा वऱ्हाडात पाहुण्यांकडं गेलाय, ती म्हणाली. कधी गेला? सुगीच्या आधी. सुगीच्या तोंडावर कुठला शेतकरी पाहुण्यांकडे जातो, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

तेव्हाचे दिवस तुम्हाला माहीत आहेत. गावोगावची तरुण माणसं राज्याविरुद्ध उठली होती. काही हद्दीपलीकडं गेली, काही इथंच नदीकाठच्या रानात लपली. ज्यांच्या घरचा माणूस नाहीसा झाला, त्यांच्यावर नजर असायची. घरातून किती दळण गेलं, चूल किती वेळ पेटली, हेही पाहिलं जायचं.

पडद्याच्या आत गोदाबाई माझ्याकडं बघत होती. बाहेरून कंपौंडरसाहेब अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “माय, भाकरी तेवढ्याच थापायच्या आन् खाणारं एक माणूस जास्ती, मग कुणाच्या तरी ताटातली जाणारच. तुमच्या ताटातली चाललीय. कुठं, ते मला सांगू नका.”

ती फळीवरच खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी तिला पोटाशी धरलं.

डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, क्षय नाही, पोटात जंत आहेत. दर बाजारच्या दिवशी आणवतो, माझ्यासमोर औषध देतो. डॉक्टरांनी मान हलवून सही केली.

ते औषध त्यांच्या बेगमसाहेबा घरी करायच्या. हरभऱ्याचं भाजलेलं पीठ, गूळ, शेंगदाणे आणि असेल तेव्हा तूप, यांचे मुठीएवढे लाडू. डबा दवाखान्यात यायचा, वर उर्दूत लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली. गोदाबाईनं पहिल्या दिवशी अर्धा लाडू खाल्ला आणि अर्धा हळूच पदरात बांधायला लागली. बाहेरून आवाज आला की नर्सबाई, डोस पुरा झाला का बघा, दवा घरी न्यायची न्हाई. ती हसली. इतक्या महिन्यांत तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पुढे ती दर आठवड्याला येऊन दोन लाडू खायची आणि काट्यावर चढायची. ब्याण्णव, चौऱ्याण्णव, मध्ये एकदा पुन्हा त्र्याण्णव. त्या दिवशी कंपौंडरसाहेब स्वतः जेवले नाहीत.

उन्हाळ्यात एक पोलीस जमादार चौकशीला आला. ताडकळसची ती बाई दर आठवड्याला कशाला येते, हे त्याला हवं होतं. कंपौंडरसाहेबांनी खुर्ची दिली नाही. म्हणाले, जमादारसाहेब, आधी बूट उतरवा. तो गोंधळून चढला. एकशे ब्याऐंशी.

“या उमरीला हे बरं न्हाई,” ते गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. “जिना चढताना दम लागतो?”

जमादाराला दम लागत होता. मग झोप कशी, पाय सुजतात का, मटण किती, असं बराच वेळ चाललं. जाता जाता त्याला मूळ प्रश्न आठवला.

“जंत हायत तिच्या पोटात. बाटलीत ठेवलेत, दाखवू?”

जमादारानं नको म्हटलं आणि पथ्याची यादी खिशात घालून गेला. तो गेल्यावर कंपौंडरसाहेबांनी पाणी मागितलं. दोन पेले एका दमात प्यायले. सरकारी नोकर, पेन्शन तीन वर्षांवर आलेली, घरात बायको एकटी, मुलगा दूर हैदराबादला. पकडले गेले असते तर त्यांना सोडवायला कुणी येणार नव्हतं.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामी राज्य संपलं. पूर्णेत पेढे वाटले गेले, झेंडे लागले. मीही रस्त्यावर उभी राहून जयजयकार केला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले तर कंपौंडरसाहेब आले नव्हते. त्यांच्या मोहल्ल्यात दारं बंद होती. आजूबाजूच्या गावांतून ऐकू येत होतं ते ऐकवत नव्हतं. ज्यांनी कुणाचं वाईट केलं नव्हतं अशांचीही घरं जळत होती.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यापुढं एक बैलगाडी थांबली. दाढी वाढलेला, डोळे आत गेलेला एक तरणा माणूस उतरला आणि त्यानं मला विचारलं, कंपौंडरसाहेब कुठं राहतात? मी म्हणाले, मला माहीत नाही. तेवढ्यात गाडीतल्या कडब्याआडून गोदाबाई म्हणाली, “बाई, सांगा. हे आमचे मालक हायत. आमी त्यांना न्यायला आलोत.”

मी गाडीत बसून त्यांना घर दाखवलं. दार आधी उघडेना. गोदाबाईनं बाहेरून हाक दिली, “साहेब, मी हाय. चला आमच्या घरी.”

आतून कडी निघाली. आवाज ओळखला होता. कंपौंडरसाहेब उंबऱ्यात उभे राहिले आणि सवयीनं मान खाली घातली. दोघांच्या मध्ये पहिल्यांदाच पडदा नव्हता. कपाळाला हात लावून ते एवढंच म्हणाले, “माय, तुमच्या गावात त्रास होईल तुमाला.” गोदाबाईचा नवरा म्हणाला, ते माझ्यावर सोडा, आणि पेटी उचलून गाडीत ठेवली.

दीड महिना कंपौंडरसाहेब आणि बेगमसाहेबा ताडकळसला राहिले. गावात कुरबुर झाली, पण गोदाबाईच्या नवऱ्यापुढं कुणाचं चाललं नाही. रानात उपाशी राहून आलेला माणूस तो, त्याला बोलायची हिंमत कुणाला होणार? म्हातारी सासू सुरुवातीला वेगळी चूल मांडून बसली होती, तीही पुढे बेगमसाहेबांबरोबर शेंगा फोडायला बसू लागली.

दिवाळी झाल्यावर हैदराबादहून त्यांच्या लेकाचं पत्र आलं, इकडं या म्हणून. कंपौंडरसाहेबांनी नोकरीचा राजीनामा दिला. दवाखान्यात येऊन सगळ्या बाटल्यांची झाकणं एकदा घट्ट केली, मला आशीर्वाद दिला आणि मागं न बघता गेले.

मी स्टेशनवर पोचवायला गेले. गोदाबाईच्या नवऱ्यानं सामान डब्यात चढवलं, खाली उतरला आणि खिडकीपाशी उभा राहिला. बेगमसाहेबा कधी परपुरुषासमोर आल्या नव्हत्या. ताडकळसच्या त्या घरातही त्या ओसरीवर येताना चेहरा झाकून यायच्या, असं गोदाबाई सांगायची. गार्डानं शिट्टी दिली. बेगमसाहेबांनी भरल्या फलाटावर नकाब वर केला, खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, “बेटा, आता घरातच राहा.”

गाडी हलली तरी नकाब वरच होता. शेजारी बसलेले कंपौंडरसाहेब बायकोच्या उघड्या चेहऱ्याकडं बघत होते, आणि तो झाकायला त्यांनी सांगितलं नाही.