बाईंचा चुनखडीचा देश

माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व-दीर्घ कधी कळलं नाही आणि ओळ लिहिता लिहिता वर चढत जाते. नातवाच्या जुन्या वहीत कोरी पानं उरली होती, त्यावर लिहिते आहे. कोणाच्या हाती पडलीच तर सांभाळून घ्यावं. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून भूगोलाच्या बाईंबद्दल इथे लिहून ठेवते.

बाई माणसाशी बोलताना त्याच्याकडे बघत नसत. मान एका बाजूला वळवून, जणू शेजारच्या खांबाशी बोलताहेत असं बोलत. नवीन माणसाला वाटे, काय शिष्ट बाई आहे. खरं म्हणजे त्यांच्या दोन्ही डोळ्यांना मधलं दिसायचं बंद झालं होतं. कडेचं तेवढं दिसे. "सुमन, मला तुझे कान दिसतात, वेणी दिसते," त्या म्हणत. "तोंड मात्र गायब. असेल असं धरून चालते."

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला, आमच्या अपार्टमेंटच्या मागे एक तळं आहे, त्याच्याभोवती पायवाट. दुपारी तिथे आमच्यासारखीच माणसं फिरतात, मुलाकडे नाहीतर मुलीकडे राहायला आलेली. बाई नागपूरच्या, एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या. मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "समोर काय दिसतंय?" मी म्हटलं, "छान तळं आहे." बाई थांबल्या. "छान हे उत्तर नाही. पाणी कुठल्या रंगाचं? वारा कुठून? ती बदकं पाण्यात आहेत की काठावर?" मला वाटलं, उद्यापासून दुसऱ्या वेळी फिरायला यावं. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गेले. जन्मात पहिल्यांदा कोणी माझं उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबलं होतं.

बाईंच्या मनात एक देश होता. स्लोव्हेनिया. नकाशावर त्यांच्या करंगळीच्या नखाएवढा, सगळा डोंगरांचा. तिथे क्रास नावाचं पठार आहे. चुनखडीच्या खडकात पाणी मुरून गुहा होतात, छतातून खाली खांब लोंबतात, जमिनीतून वर येतात. जगात कुठेही असा प्रदेश असला तरी त्याला या पठाराचंच नाव देतात. "आपल्या विदर्भातली चुनखडी सिमेंटच्या गोणीत जाते," बाई म्हणाल्या. "मी एकतीस वर्षं ते खांब फळ्यावर काढले आणि एकदाही पाहिले नाहीत. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं किती टिकेल सांगता येत नाही. मला टिकेल तोवर जायचंय."

त्यांच्या मुलाला, अजयला, नवीन नोकरीमुळे सुटी नव्हती. तो म्हणाला, "आई, जरा प्रॅक्टिकल हो ना. टीव्हीवर व्हिडिओ लावून देतो, एकदम क्लिअर दिसतं."

"तुझं लग्नही टीव्हीवरच बघायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "केवढा खर्च वाचला असता."

सून समजुतीने म्हणाली, "आई, मग सोबत एक केअरगिव्हर बुक करू का? एजन्सीतून मिळते." बाईंनी तेही नको म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तळ्यावर मला विचारलं, "सुमन, तू येतेस?"

मी म्हटलं, माझ्याकडे पैसे नाहीत आणि मुलाकडे मागणार नाही, त्याच्या घराचे हप्ते चालू आहेत. बाई म्हणाल्या, "मी देते. पण उसने. सावकाश फेड, पण फेड. पगारी माणूस मला बरं वाटेल ते सांगेल. फुकट आलेलं माणूसही तेच करेल. मला खरं सांगणारं माणूस हवंय." मी दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं. घरी सगळे हसले. मुलगा म्हणाला, "मम्मी, तू? युरोपला?" नातू म्हणाला, "आजी, यू डोन्ट इव्हन टॉक टु द कॅशियर."

व्हिसासाठी न्यूयॉर्कला जावं लागलं. खिडकीतल्या माणसाने बाईंना विचारलं, कशासाठी जाताय. बाईंनी त्याच्या शेजारच्या भिंतीकडे बघत इंग्रजीत सांगितलं, "तुमचा दगड मी हजारो मुलांना शिकवला आहे. आता भेटायला जाते." तो माणूस हसला. माझ्याकडे वळून त्याने काही विचारलं, तर मी नुसती बाईंकडे बोट दाखवून मान हलवली.

स्लोव्हेनियात आम्ही सहलीच्या एका लहान गाडीत होतो, आम्हाला धरून आठ माणसं. बाकी सगळे अमेरिकन. बाई कायम खिडकी मला देत आणि स्वतः आत बसत. "बोल," एवढंच म्हणत. लुब्लियाना या त्यांच्या राजधानीत मी सांगितलं, नदी अरुंद आहे, हिरवी आहे, एकाच ठिकाणी तीन पूल जवळजवळ बांधलेत, वर टेकडीवर किल्ला. बाई विचारत, किल्ला नदीच्या कुठल्या काठाला, सावली कुठे पडली आहे. पहिले दोन दिवस माझा घसा दुखला. एवढं मी वर्षभरातही बोलत नाही.

गावाबाहेर निघालो की मात्र मला सुचायचं. शेताशेतांत लाकडी मांडव उभे होते. वर छप्पर, बाजूंना भिंती नाहीत, आडव्या दांड्यांवर गवत वाळत घातलेलं. मी म्हटलं, "बाई, हे कडबा वाळवतात तसं करतात, पण जमिनीपासून वर. म्हणजे इथे गवत कापायच्या दिवसांत पाऊस येत असणार, नाहीतर एवढा खटाटोप कोण करेल?" बाईंनी ड्रायव्हरला विचारून घेतलं. तसंच होतं. "हे माझ्या पुस्तकात नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि मागच्या सीटवरच्या लोकांनाही इंग्रजीत सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "माय फ्रेंड नोटिस्ड." त्या दिवशी मी गाडीतून उतरताना ताठ उतरले.

चौथ्या दिवशी माझ्याकडून चूक झाली. बोहिन्य म्हणून एक मोठं तळं आहे, तिथून दोराच्या पाळण्यात बसून डोंगरावर गेलो. वरून त्यांचा सगळ्यात मोठा डोंगर दिसतो, त्रिग्लाव, तीन डोक्यांचा. त्याचं चित्र तिकिटाच्या खिडकीवर लावलेलं होतं. तिकीट महाग होतं आणि पैसे बाईंनी दिले होते. वर गेलो तर सगळं ढगात. हाताच्या अंतरावरचा कठडा तेवढा दिसत होता. बाईंनी मान वळवली आणि म्हणाल्या, "बोल."

या बाईने आयुष्यभर वाट पाहिली, एवढे पैसे घातले, आणि मी काय सांगू? मी म्हटलं, "तीन टोकं दिसताहेत, बाई. मधलं उंच. बर्फ आहे थोडा. ऊन पडलंय."

बाई म्हणाल्या, "ऊन पडलंय तर माझ्या गालाला का लागत नाही? आणि माझ्या चष्म्यावर पाणी कसलं?"

मी कठड्यावरचं पाणी हाताने पुसत राहिले.

"सुमन, डोळे माझे गेलेत. कातडी आहे अजून." त्यांनी चष्मा पदराला पुसला. "माझे पैसे वसूल व्हावेत म्हणून तू डोंगर दाखवलास ना? मग मी पगारी बाईच आणली असती. ती खोटं तरी नीट बोलली असती." आवाज चढवला नव्हता. मला चौथीतल्या मुलीसारखं रडू आलं. बाईंनी रडू दिलं, समजूत काढली नाही. मग माझा हात धरून म्हणाल्या, "आता खरं सांग."

"काही दिसत नाही, बाई. सगळं पांढरं आहे."

"हं. मग आत्ता आपण दोघी सारख्याच," त्या म्हणाल्या, आणि आम्ही वरच्या हॉटेलात गरम सूप प्यायलो.

दोन दिवसांनी क्रासला पोहोचलो. मोठ्या गुहेत आगगाडी जाते आणि गर्दी असते, म्हणून बाईंनी एक लहान, गावकऱ्यांनी सांभाळलेली गुहा शोधून ठेवली होती. वाटेत गावांतल्या घरांच्या कौलांवर दगड ठेवलेले दिसले. मी सांगताच बाई खूश. "म्हणजे इथला वारा छप्पर उडवणारा आहे." आत गेल्यावर मात्र अंधार, आणि जो मिणमिणता उजेड होता त्यात बाईंना कडेचंही दिसेना. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. इतक्या वर्षांनी आल्या आणि उशीर झाला होता.

त्या म्हणाल्या, "बोल. आणि सांभाळून बोल."

मी वर पाहिलं. मला पुस्तकातलं चित्र आठवलं, चमचमणारं, पांढरंशुभ्र. निघण्याआधी बाईंनी भिंगाने शोधून ते मला दाखवलं होतं. समोर तसं काही नव्हतं. माझ्या तोंडाशी एकदा 'पांढरे' आलंही होतं. मग मी म्हटलं, "बाई, पांढरे नाहीत. चिखलासारखे पिवळट आहेत. काही तर काळे पडलेत, चुलीवरच्या भिंतीसारखे."

पुढे चालणारी गाईड मुलगी तेच इंग्रजीत सांगत होती, की पूर्वी लोक मशाली घेऊन येत, त्याची काजळी. बाईंनी ते ऐकलं. "मग खरे आहेत," त्या म्हणाल्या. "आकार सांग."

"म्हशीच्या सडासारखे," मी म्हटलं. "भरलेल्या. आणि दूध काढायला बसल्यावर टोकाशी थेंब थांबतो ना, पडू की नको करत, तसा प्रत्येकाला एक थेंब आहे."

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की गुहेत तो आवाज फिरून परत आला आणि सगळे मागे वळून बघायला लागले. "एकतीस वर्षं मी मुलांना गाजर सांगत आले," त्या म्हणाल्या. "गाजराला कुठे थेंब असतो? सड बरोबर आहे. सडच शिकवायला हवं होतं."

त्यांना हात लावून बघायचा होता. पण हात लावायला मनाई होती, जागोजागी पाट्या होत्या, आणि बाई नियम मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या पुढे चालू लागल्या. तेव्हा मी काय केलं ते माझं मलाच खरं वाटत नाही. मी त्या गाईड मुलीजवळ गेले, तिच्या बाहीला हात लावला आणि म्हटलं, "मॅडम. माय बाई, नो सी. बाई टीचर. धिस स्टोन टीचर. थर्टी-वन इयर. प्लीज, वन टच." माझे कान तापले होते. मुलगी बाईंकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली की इथे नाही, पण बाहेर आल्यावर थांबा.

बाहेर तिकिटांच्या खोलीत तिने कपाटातून एक तुटलेला तुकडा काढला, फार पूर्वी आपोआप गळून पडलेला. बाईंनी तो दोन्ही हातांत घेतला. तान्ह्या मुलाचं डोकं चाचपावं तसा टोकापासून बुडापर्यंत चाचपला. तुटलेल्या बाजूवर नख फिरवत म्हणाल्या, "सुमन, वर्तुळं आहेत? कांद्यासारखी?" मी मोजून सांगायला लागले. मग बाई त्या खोलीतच उभ्या राहून इंग्रजीत शिकवायला लागल्या, पाणी कसं मुरतं, चुना कसा विरघळतो, एक थेंब मागे काय ठेवून जातो. आमच्या गाडीतले सहाजण, गाईड, तिकीट देणारा म्हातारा, सगळे ऐकत उभे. बाईंची मान एका बाजूला वळलेली, हातात तो दगड. मी कितीतरी देवळांत गेले आहे. पण अभिमानाने ऊर भरून यावा असं मला त्या खोलीतच झालं.

परत आल्यावर वर्षभरात बाईंचं कडेचं दिसणंही गेलं. तळ्यावर एकटीने येणं बंद झालं. त्या धाकट्या बहिणीकडे नागपूरला निघून गेल्या. अजय नको म्हणत होता. "तिथे मला रस्ते पाठ आहेत," त्या म्हणाल्या. जाताना मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "मी ते पाहिलं, सुमन. कोणी विचारलं तर सांग, बाईंनी पाहिलं."

ओळखीच्या घरी पोळ्या करून देऊन मी दर महिन्याला बाईंचे पैसे देत होते. त्या इथे असताना हातात, नंतर मुलाच्या फोनवरून नागपूरला. बाईंनी एकदाही 'राहू दे गं' म्हटलं नाही. नोटा बोटांनी चाचपून घेत आणि विचारत, "किती राहिले?" माझ्या सुनेला ते विचित्र वाटे. मला मात्र दर वेळी त्या विचारण्याने ताठ उभं राहिल्यासारखं वाटे.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. अजून थोडे पैसे द्यायचे राहिले होते. मी बहिणीला फोन केला. त्या 'आता कशाला' म्हणतील, आणि मला वाद घालता येत नाही, म्हणून काय बोलायचं ते आधी पाठ करून ठेवलं होतं. पण मी सुरुवात करताच त्या म्हणाल्या, "ताईनं बजावून ठेवलंय. सुमन पैसे पाठवेल, तिला नको म्हणायचं नाही, मोजून घ्यायचे."

मागच्या आठवड्यात शेवटचे पन्नास डॉलर पाठवले. बहिणीने मोजून घेतले आणि सांगितलं, पोहोचले, पूर्ण झाले.