सिस्टरांचा सत्तावीस अंशांचा समुद्र

सिस्टर आधी आलेल्याच्या कपाळाला हात लावायच्या, मग ‘ये’ म्हणायच्या. दारात पोस्टमन असो, शेजारीण असो किंवा पाहुणा, हात आधी कपाळावर जायचा. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका म्हणून काढलेली बाई. निवृत्त झाल्या तरी अख्खं कळमनुरी त्यांना सिस्टरच म्हणायचं. “शंभराला थोडं कमी,” असं त्या म्हणाल्या की थर्मामीटर लावून बघायचं कुणाच्या मनातही येत नसे. मी तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि त्यांच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायला आले, तेव्हा माझ्याही कपाळावर तो कोरडा, खरबरीत हात पडला होता. “ताप न्हाई. पण जेवली न्हाईस. काहून?” हे त्यांचं माझ्याशी पहिलं बोलणं.

त्यांच्या मधल्या खोलीत समुद्र होता. तीन फुटांची काचेची पेटी, आत खारं पाणी, प्रवाळाचे खडक, कोंबड्याच्या तुऱ्यासारखं एक गुलाबी प्रवाळ आणि पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. त्यांचा धाकटा भाऊ मुंबईला शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला होता. आजारी पडला तेव्हा बहिणीशिवाय त्याला कुणी नव्हतं. तो टेम्पोतून आला, तोच ही पेटी घेऊन. प्रवाळ पाण्याच्या पिशव्यांत आणि पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात. वर्षभरात तो गेला. आता ही बाई मासे कुणाला तरी देऊन टाकेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. सिस्टरांनी दिले नाहीत. मिठाचे खास पुडे मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं मागवत राहिल्या आणि दर रविवारी पाणी बदलत राहिल्या.

पाणी किती अंशांवर ठेवायचं, यावरून भावाबहिणीची भांडणं झाली होती म्हणे. दुकानात पंचविसाच्या वर जाऊ देत नाहीत, असं भावाचं म्हणणं. सिस्टरांनी सत्तावीस ठरवलं. “तुझ्या दुकानात एसी होता. हितं मे महिना हाय,” असं त्यांनी त्याला सुनावलं होतं. पंचविसावर ठेवलं आणि लाईट गेली की पाणी उड्या मारत वर जाणार. त्यापेक्षा आपल्या घराला पेलेल असा आकडा धरायचा आणि तो हलू द्यायचा नाही. आठवड्याला अर्धा अंश, असं करत त्यांनी पाणी सत्ताविसावर आणलं. “लेकरू काय अन् मासा काय, ताप चढण्यापरीस ताप वरखाली होणं वाईट,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल.

पेटीत थर्मामीटर दोन होते. मी एकदा हसले तर म्हणाल्या, “एकच ठेवला अन् तो खोटं बोलला, तर कुणाला इचारू?” हिवाळ्यात पहाटे हीटर चालतो की नाही, ते काचेला हात लावून बघायच्या. उन्हाळ्यात पाण्यावर तिरका पंखा. पंख्यानं पाणी उडून जायचं आणि मागं मीठ उरायचं, म्हणून सकाळ-संध्याकाळ मोजून गोडं पाणी घालायच्या. फ्रिजमध्ये बर्फाच्या बंद बाटल्या असत. पारा चढू लागला की एक बाटली पाण्यात तरंगत सोडायची. एका वेळी एकच. तासाभरात एका अंशाहून जास्त उतरवायचं नाही.

वीज जाण्याचं वेळापत्रक त्यांना वायरमन राठोड सांगायचा. तांड्यावरचा शांत माणूस. त्याच्या लेकीचं बाळंतपण सिस्टरांनी केलं होतं. सायकलवरून जाताना तो फाटकाशी पाय टेकवून ओरडायचा, “सिस्टर, आज दोन ते सहा!” मग घरात धावपळ सुरू व्हायची. काचेला ओलं गोणपाट, हवेसाठी बॅटरीवरचा पंप. त्याच्या शब्दावर सिस्टरांचा समुद्र चालायचा.

दोन हजार चारच्या मे महिन्यात सिस्टर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस नांदेडला गेल्या. शाळेला सुट्टी होती, पण मी गावी गेले नव्हते. त्यांनी मला पेटीसमोर उभं करून सगळं तीनदा सांगितलं आणि किल्ली हातात दिली. “तुझ्यावर सोडून चालले पोरी,” एवढंच म्हणाल्या. राठोडनंही सांगून ठेवलं होतं, उद्या दिवसभर लाईन जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीला माझ्या मैत्रिणीचं लग्न होतं. दुपारपर्यंत परत येऊ, पंखा चालूच आहे, असा विचार करून मी नऊ वाजता निघाले. आणि निघताना मेन स्विच बंद केला. घराबाहेर पडताना मेन बंद करायचा, ही माझ्या वडिलांची शिस्त. हात आपोआप गेला. बसमध्ये, मांडवात, पंगतीत एकदाही आठवलं नाही. साडेचारला परतले, खोलीत पाऊल टाकलं आणि पंख्याचा आवाज नाही हे कळलं. दोन्ही थर्मामीटर तेहतीस दाखवत होते. मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंडं उघडझाप करत होते.

तेव्हा तरी सांगितल्याप्रमाणे वागायला हवं होतं. पण मला सिस्टर येण्याआधी तो आकडा सत्ताविसावर हवा होता. फ्रिजमधल्या बाटल्या वितळल्या होत्या. मी कोपऱ्यावरच्या रसवंतीवरून बर्फाची लादी आणली, फोडली आणि बादलीभर तुकडे सरळ पाण्यात ओतले. पंधरा मिनिटांत पारा चोविसावर आला. मासे आडवे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गुलाबी प्रवाळावरून शेवाळलेल्या चिंधीसारखं काहीतरी सुटत होतं आणि खोलीला वास येऊ लागला होता.

सिस्टर आल्या, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. पेटीपुढे खुर्ची ओढून बसल्या. मी म्हणाले, “लाईन गेली होती, सिस्टर. दिवसभर.” वाक्य आधीच तयार करून ठेवलं होतं. त्यांनी काही विचारलं नाही. मला जवळ बोलावून कपाळाला हात लावला. “किती तापलीस गं. एकटीनं किती पळापळ केली असशील,” म्हणाल्या. माझ्या अंगात खरंच ताप होता.

संध्याकाळी राठोड डोळ्याची चौकशी करायला आला. सिस्टर म्हणाल्या, “तू तर लाईन जाणार न्हाई म्हणाला होता, राठोड.”

“गेलीच न्हाई सिस्टर. म्या सोता दिवसभर लाईनवर होतो.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहत होते.

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढलेला मी त्या एकाच दिवशी ऐकला. “मग ही पोरगी खोटं बोलून राहिली का? शब्द देतो अन् वर पोरीला खोटं पाडतो?”

त्यानं पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “व्हय. गेली असंल. माझ्या ध्यानात न्हाई.” आणि पायात चपला सरकवून निघून गेला. त्या क्षणी मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं.

राठोडची सायकल नंतर आमच्या फाटकाशी कधी थांबली नाही. सिस्टरांनी पेटी धुऊन पालथी घातली. वर्षभरानं माझं लग्न ठरलं आणि मी नोकरी सोडली. निघताना त्यांनी मला खण-नारळ दिला, मी वाकून नमस्कार केला; तेव्हाही बोलले नाही.

चार वर्षांनी कळमनुरीला गेले, ते मात्र सांगायचं ठरवूनच. सिस्टर खूप वाळल्या होत्या. मी सगळं सांगितलं, मेन स्विच, बर्फ, सगळं. त्या भिंतीकडे बघत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला काय सांगतीस? ज्याला सांगायचं त्याला सांग. मी बी येते. खोटा तर मीच म्हणले त्याला.”

आम्ही रिक्षानं तांड्यावर गेलो. राठोड निवृत्त झाला होता, अंगणात बाजेवर बसून होता. मी तोंड उघडायच्या आतच सिस्टरांनी त्याच्यापुढे हात जोडले. “चूक झाली राठोड. तू खरं बोलला होतास.” सत्तरी ओलांडलेली ती बाई, माझ्या खोटेपणासाठी, माझ्यासमोर हात जोडून उभी होती. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, “मीच बंद केली होती लाईट.” त्याची बायको, सून, सगळी ऐकत होती. राठोड म्हणाला, “मला तवाच समजलं व्हतं, मॅडम. बसा, च्या घ्या.” चहा गोड होता; मी कप तसाच हातात धरून बसले.

परत येताना सिस्टरांनी रिक्षा बसस्टँडकडे वळवायला सांगितली. बसस्टँडवर मला सोडायला आल्या, तेव्हा म्हणाल्या, “पुन्हा येऊ नको असं म्हणत न्हाई मी. पण एवढ्यात नको येऊ.”

मी त्यांचा शब्द पाळला. एवढ्यात म्हणजे किती, हे ठरवण्यात दोन वर्षं गेली आणि एक दिवस राठोडचाच फोन आला, सिस्टर गेल्या म्हणून. माझा नंबर त्यानं कुठून तरी शोधून काढला होता.