राहीबाईच्या कट्ट्यावरचं पोतं

आकाराम पहिल्यांदा टेम्पो घेऊन दारात आला, तेव्हा राहीबाईनं दार निम्मंच उघडलं. एक हात कडीवर ठेवूनच तिनं विचारलं, "कुणाकडं आलाय?"

"तुमच्याकडंच, आक्का. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांस्नी आमी महिन्याचा शिधा पोचवतो. तासगावची मंडळी हायेत. तांदूळ, डाळ, त्याल, चहा, साखर, समदं हाय ह्यात."

"मी कवा मागितलं?"

"मागाय लागत न्हाई. नुसता हितं अंगठा उठवा, मिळालं म्हणून."

राहीबाईनं दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आकारामला चांगला ऐकू आला. त्यानं पोतं कट्ट्यावर ठेवलं आणि तो निघून गेला.

तिचं तरी काय चुकलं होतं? नवरा गेला तेव्हा थोरला दीर भाऊसो असाच चहा-साखर घेऊन येऊ लागला. महिनाभर आला. गोड बोलला, डोळे पुसले, आणि वारसाच्या नोंदीला लागतो म्हणून एका कागदावर तिचा अंगठा घेतला. तो कागद हक्कसोडीचा होता हे तिला कळलं, तोवर पुढचं घर आणि अंगण भाऊसोच्या नावावर चढलं होतं. पुढं तो ते विकून सांगलीला गेला. राहीबाईच्या वाट्याला मागची पडवी राहिली. जन्मभर तिनं बेदाण्याच्या शेडवर बेदाणा निवडला, हात चालत होते तोवर कुणापुढं पदर पसरला नाही. आता गुडघे गेले होते, शेडवर कुणी बोलवत नव्हतं, आणि चूल बऱ्याचदा दिवसातून एकदाच पेटत होती. पण म्हणून दारात आलेलं कुणाचंही पोतं घ्यायचं?

शेजारची पूजा म्हणाली, "घ्या की आजी. आमच्या मामीच्या गावात बी देत्यात."

"का देत्यात ते मामीला इचार आदी," राहीबाई म्हणाली.

पोतं दोन दिवस कट्ट्यावरच होतं. तिसऱ्या दिवशी तिनं त्याचं तोंड सोडलं, मूठभर तांदूळ काढून कोंबडीपुढं टाकले आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर नजर ठेवली. कोंबडीला काही झालं नाही. पण राहीबाईचं समाधान होईना. कोंबडीच्या नावावर कुठं पडवी होती? तिनं पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. अन्न खराब होऊ नये म्हणून वर प्लॅस्टिकचा कागद घातला, पण ते उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

पुढच्या महिन्यात आकाराम दुसरं पोतं घेऊन आला, तर पहिलं तिथंच. तो कपाळाला हात लावून कट्ट्यावर बसला. राहीबाईही दारात बसली आणि तिनं त्याची उलटतपासणी सुरू केली. गाव कुठलं, घरात कोण, पोटापाण्याचं काय. तो एसटीत कंडक्टर होता, आता रिटायर झाला होता, टेम्पो पुतण्याचा होता. सगळं त्यानं सांगितलं.

"आणि माजं नाव कुणी दिलं तुमाला?"

आकाराम घुटमळला. "ते न्हाई सांगता येणार, आक्का. ज्यांनी दिलं त्यांनीच नको म्हटलंय."

"आता कसं बोललास," राहीबाई म्हणाली. तिला हवा होता तो धागा सापडला होता.

शुक्रवारी तिनं पूजाकडून एक पोतं रिक्षात ठेवून घेतलं, मग एसटीत चढवून घेतलं आणि एकटीच तासगावला गेली. ज्याचं त्याच्या तोंडावर टाकायचं आणि नाव काढून घ्यायचं, एवढं तिच्या मनात होतं. पोतं हमालाच्या डोक्यावर देऊन, विचारत विचारत ती बाजाराच्या मागच्या गल्लीत पोचली. जुन्या बेदाण्याच्या गोदामात ताडपत्री अंथरून पाचसहा बायका तांदूळ निवडत होत्या. भिंतीशी पोती रचलेली. आकाराम डाळ मापून देत होता. आणि सुपावर वाकलेल्या बायकांत एक मान तिच्या ओळखीची निघाली. ती भाऊसोची बायको, रंगूबाई होती.

राहीबाईच्या अंगाची आग झाली. "तू व्हय? आता काय ऱ्हायलंय माज्याकडं? मागली पडवी पायजे का?"

बायकांचे हात थांबले. रंगूबाईचे थांबले नाहीत.

"मालक गेलं, दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "धाकटा शिरवळला कंपनीत हाय. थोरल्याचं नाव काढू नगं. मी हितंच एका खोलीत ऱ्हाती. मला बी हेच पोतं येतं, राही."

"मग माजं नाव कशापायी दिलंस?"

"एकटं कोण ऱ्हातंय म्हणून इचारलं ह्या मंडळींनी. पैलं तुजंच नाव तोंडात आलं." मग खाली बघतच ती म्हणाली, "तवाची ती चहा-साखरेची पिशवी मीच भरून दिलती. कशाला चाललीय ते मला ठावं हुतं."

राहीबाई ताडपत्रीच्या कडेला बसली, रंगूबाईकडं पाठ करून. समोर सूप पडलं होतं. थोड्या वेळानं तिनं ते ओढलं आणि खडे वेचायला लागली.

माफ बिफ तिनं काही केलं नाही. उठताना आकारामला एवढंच सांगितलं, "पोतं घीन. पर अंगठा न्हाई मिळायचा."

"ऱ्हाऊ द्या अंगठा. मिळाल्याची सही मीच करतो," आकाराम म्हणाला.

तेव्हापासून ती दर शुक्रवारी निवडायला जाते. रंगूबाईशी कामापुरतं बोलते. स्वतःचं पोतं मात्र स्वतःच भरते.

परवा आकाराम तिला टेम्पोतून घरी सोडत होता. वाटेत कवठ्याच्या रस्त्याला शिध्याच्या यादीत नवंच आलेलं एक घर होतं. नानासो म्हणून मिलिटरीतून आलेले एकटे गृहस्थ. पेन्शन औषधातच जायची. आकारामनं हाक मारली तर आतून करडा आवाज आला, "फुकटचं नको. चला, व्हा पुढं."

आकारामनं राहीबाईकडं पाहिलं. ती सावकाश खाली उतरली, दाराशी गेली.

"आवं, लगेच घिऊ नगासा," ती म्हणाली. "आदी समदं इचारून घ्या. ह्यो कोण, कुठला, तुमचं नाव कुणी दिलं. ह्यो सांगत न्हाई तवर सोडू नगा त्याला."

आतली कडी निघाली आणि दार निम्मं उघडलं.

"तुमी कोण?" नानासोंनी विचारलं.

"बसती. मग सांगती," राहीबाई म्हणाली, आणि पायरीवर बसली.