कोठीच्या दारावर तीन ठोके

उत्तरेकडच्या आमच्या टॅमरॅक फॉल्स गावात जानेवारीत मेलेल्या माणसाला मे महिन्यापर्यंत माती मिळत नाही. जमीन अशी गोठते की कुदळीची ठिणगी उडते. तोवर शवपेट्या टेकडीतल्या दगडी कोठीत राहतात. त्या कोठीची किल्ली एकतीस वर्षं ओडील थिबोडोकडे आहे, त्याआधी तिच्या वडिलांकडे, आर्मांकडे होती. ओडील कबरी खणते, गवत कापते आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण यंदा कोठीत तिचा स्वतःचा नवरा होता, लिओ.

दर वसंतात दार उघडण्याआधी ती दारावर तीन ठोके मारायची. आतल्यांना वर्दी द्यायला. बाबांनीच शिकवलं, अशी तिची खात्री होती.

पण गावात मर्ल हॅस्किन्सही आहे. नववीत गणितात आपटलेला आणि आता जगभरची झोप उडवणारा भयकादंबरीकार. त्याच्या सगळ्यात खपलेल्या पुस्तकात अशीच कोठी आहे, आणि न ठोकता ती उघडणाऱ्याचं काय होतं ते चारशे पानं चाललंय. तेव्हापासून नुसता उच्छाद! ओहायोहून, टेक्सासहून माणसं येतात, दार ठोकतात, फोटो काढतात आणि किंचाळत पळतात. आमच्या खानावळीत ‘तीन ठोके’ नावाचं माशांचं सूप मिळतं. लांबलांबची पोरं म्हणे आता गॅरेज उघडतानाही ठोकतात.

एप्रिल सरता सरता लिओची बहीण रोझाली म्हणाली, "ओडील, माझ्या भावाच्या वेळी तो तमाशा नको हं. पुस्तकातलं सोंग ते."

"पुस्तकातलं कसं? बाबा करायचे."

"मग सांग ना, तू कधीपासून ठोकतेस? पुस्तकाच्या आधी की नंतर?"

ओडीलला सांगता येईना. तिनं पुस्तकच उघडलं आणि दुपारपर्यंत वाचून मिटून टाकलं. पान वाचावं तर वाटायचं, हे तर मला आठवतंय!

शेवटी तिनं मर्ललाच गाठलं. तो हार्डवेअरच्या दुकानात उंदराचा सापळा घेत होता.

"मर्ल, खरं सांग. ठोके तुझे की आमचे?"

त्यानं डोकं खाजवलं. "तुझ्या बाबांना ठोकताना पाहिलं असेल गं. नाहीतर मनचं रचलं असेल. इतकी पुस्तकं झाली, माझं मलाच उमगत नाही."

"काय डोंबल!" गल्ल्यावरचा म्हातारा जेरार म्हणाला. "आर्मां बिजागऱ्यांवरचा बर्फ पाडायचा. हातोडा असायचा की त्याच्या हातात!"

ओडीलच्या आठवणीत हातोडा नव्हता. बाबांची बोटं होती, आणि "आलो रे" म्हणणारा आवाज होता. तो आवाज बाबांचा की मर्लच्या गोष्टीतल्या पहारेकऱ्याचा, हे तिला आता देवाशपथ सांगता आलं नसतं. आठवणींच्या घरात चोरी तर झालेली, पण चोर म्हणून धरायचं कुणाला? ती गोंधळली, चिडली आणि गाडीत बसून रडली.

मेच्या नऊ तारखेला लिओला माती द्यायची ठरली. घोटाभर चिखल, डोळ्यांत शिरणाऱ्या काळ्या माश्या. फादर दुव्हाल आले, लिओचे लाकूड गिरणीतले चार सोबती खांदा द्यायला आले, रोझाली आली. कुंपणाबाहेर दोन उपरे फोन रोखून उभे होतेच.

ओडीलनं किल्ली लावली. हात वर गेला आणि तिथंच राहिला. ठोकावं, तर लिओचा मर्लच्या पुस्तकातला खेळ होणार. न ठोकावं, आणि रीत बाबांचीच असली तर? साऱ्या गावाच्या माणसांना वर्दी दिली आणि आपल्याच माणसाला न विचारता ओढून काढलं, असं व्हायचं. फादरनी घड्याळ पाहिलं.

रोझाली चिखल तुडवत तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं. आता बोलणी खावी लागणार असं वाटून ओडीलनं हात खाली घेतला.

"वाजव," रोझाली म्हणाली. "आणि जरा जोरात वाजव. लिओला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं."