नरवाई राख

इंदिराबाईंच्या पणजोबांनी म्हणे दरबारात तलवार गाजवली होती. तलवार गेली, हट्ट तेवढा घरात उरला. त्या हट्टापायी गौतमपुऱ्याच्या शेतातली नरवाई, म्हणजे गहू कापल्यावर उरलेले खुंट, त्यांनी तीन वर्षं जाळू दिली नव्हती. खुंट तिथेच कुजवायचे, जमीन पोसायची. पहिल्या वर्षी पीक घटलं आणि गाव हसलं. यंदा मात्र मातीत गांडुळं दिसली, गहू शेजाऱ्यांच्या बरोबरीने उतरला.

आजूबाजूच्या शेतांत आगी लागू लागल्या, तसा त्यांनी इंदूरहून वासुदेवला फोन लावला. त्यांची जमीन तोच कसायचा.

"वासुदेव, अपनी नरवाई राख, हां."

"जी जीजी. शाम तक हो जाएगी."

चहा गाळताना त्यांचा हात थांबला. हो जाएगी? सांभाळायची गोष्ट संध्याकाळपर्यंत होते कशी? त्या 'राख' म्हणजे 'सांभाळ' म्हणाल्या होत्या आणि त्याने चुलीतली राख ऐकली होती.

वासुदेवचा फोन लागेना. मुलाने, अंकुरने गाडी काढली, पण भंवरकुआं चौकाच्या गर्दीत ती मुंगीच्या पावलांनी सरकत होती.

"आई, एका खेतासाठी इतकं टेन्शन?"

"तीन वर्षं आहेत ती माझी. गप गाडी चालव."

पोचले तेव्हा अर्धं शेत काळं पडलं होतं आणि वारा आग पुढे रेटत होता. वासुदेव काडेपेटी घेऊन समाधानाने उभा.

"ट्रॅक्टर काढ, बीच में से नांगर फिरव!"

कारण त्याला कळलं नाही, पण बाईंचा चेहरा पाहून तो धावला. उभ्या खुंटांतून नांगर गेला, उघड्या मातीचा पट्टा पडला. पट्ट्यापलीकडे उडणाऱ्या ठिणग्या इंदिराबाई ओल्या पोत्याने झोडपत राहिल्या. बूट सांभाळणारा अंकुरही शेवटी पोतं घेऊन उतरला. आग पट्ट्यापाशी येऊन विझली.

"मी राखायला सांगितलं होतं रे. जलाने को नहीं."

वासुदेवचं तोंड उतरलं. "जीजी, मैं तो खुश हो गया था. सोचा, आखिर आपने जिद छोड़ दी."

इंदिराबाईंना राग यायला हवा होता, आली ती शरम. तीन वर्षं याच्याकडून शेत कसून घेतलं, पण जाळायचं नाही ते कशासाठी, हे त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. नुसता हुकूम सोडला होता.

त्यांनी न जळलेल्या बाजूची माती उकरली आणि वळवळत्या गांडुळासकट त्याच्या तळहातावर ठेवली.

"बैस," त्या म्हणाल्या. "आता सांगते."